फुगवट्याच्या काठानं

पैठणच्या धरणाच्या पाण्याला नाथसागर म्हणतात. एकनाथ महाराजांचं नाव आहे, त्याबद्दल कोणाची तक्रार असायचं कारण नाही. पण आमच्या शेवगाव-नेवाशाच्या काठाला हे नाव पाहुण्यांशी बोलतानाच तोंडात येतं. एरवी आम्ही म्हणतो फुगवटा. भिंत तिकडं पैठणला, कालवे त्याच्या पुढं मराठवाड्यात, आणि भिंतीला अडून मागं फुगत आलेलं पाणी आमच्या दारात. धरणाच्या नावाची तर आणखी गंमत. जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातलं. धरण आधी तिथं व्हायचं होतं, ते वर पैठणला झालं, नाव मात्र तेच राहिलं. माणसं उठली, नाव उठलं नाही.

१८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हातानं पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हातानं उद्घाटन. या दोन तारखांच्या मधे माझं सगळं बालपण बसतं. पायाभरणीच्या वेळी मी लहान पोर होतो, आणि उद्घाटन झालं तेव्हा दहावीच्या तयारीत. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी नुकतीच सुरू झाली होती. आमचं गाव तोवर उठलं होतं. गोदावरीच्या काठची काळी, जिच्यात बैलाचा पाय पोटरीपर्यंत रुतायचा, ती गेली आणि नवं गावठाण मिळालं मुरमाड माळावर. आजोबा शेवटपर्यंत त्या माळाला 'मुक्काम' म्हणायचे. 'मुक्कामावर चाललो,' म्हणायचे, 'घरी चाललो' म्हटलं नाही कधी. शंभरावर गावांना त्या पाण्याची झळ लागली. त्यातलं आमचं एक. त्याचं रडगाणं इथं गात नाही, ते दुसरीकडं लिहिलं आहे.

इथं लिहायचं आहे ते काठाबद्दल.

हे धरण म्हणजे विहीर नाही, बशी आहे. लांबी ५५ किलोमीटरच्या घरात, रुंदी काही ठिकाणी २७ पर्यंत, पण खोली म्हणाल तर बेताची. १५२२ फुटांवर पाणी आलं की धरण पूर्ण भरलं. भादव्या-आश्विनात पाणी तिथवर आलं तर आमच्या उसाच्या बांधाला लागतं. मग कालवे सुटतात, ऊन वाढतं, पाणी उतरायला लागतं. बशी असल्यामुळं पाणी हातभर उतरलं की काठ दोन-अडीचशे पावलं मागं सरतो. सरकताना मागं सोडून जातो तो ओला, लोण्यासारखा गाळ. आमचीच जुनी काळी, वर नदीनं आणलेला नवा थर. त्या गाळात पेरायचं म्हणजे गाळपेर. हरभरा, गहू, कांदा, पुढं उन्हाळ्यात टरबूज-काकडी. खत नाही, पाणी द्यायची गरज फारशी नाही. पाटबंधारे खात्याकडनं एकसाली पट्ट्यानं ही जमीन धरणग्रस्ताला मिळते. म्हणजे आजोबाच्या मालकीच्या रानात नातवानं एका वर्षाचा भाडेकरू म्हणून पेरायचं.

त्याच रानावर १९८६ साली जायकवाडी पक्षी अभयारण्य झालं. साधारण ३४० चौरस किलोमीटर, काही आपल्या नगर जिल्ह्यात, काही तिकडं संभाजीनगरात. तेव्हापासून हिशेब असा आहे: जमीन पाटबंधाऱ्याची, पक्षी वनखात्याचे, पाणी मराठवाड्याचं, मासे ज्याचा ठेका त्याचे, आणि आम्ही एकसाली.

तर २०२३ चा डिसेंबर. त्या साली पाऊस रुसला होता. धरण निम्मंसुद्धा भरलं नव्हतं. वरच्या अंगाला नाशिकची आणि आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेची धरणं, त्यातलं पाणी जायकवाडीला सोडायचं की नाही यावर नेहमीप्रमाणं मोर्चे, रास्ता रोको. समन्यायी पाणीवाटपाचा कायदा २००५ चा, भांडण दर दुष्काळाचं. आमची पंचाईत अशी की आम्ही नगरचे, पण पाणी आलं तर आम्हाला हवं. राहात्या-कोपरगावच्या पाहुण्यांसमोर आम्ही या विषयावर गप्प बसतो आणि चहा मागवतो.

पाणी कमी म्हणून गाळ लवकर उघडा पडलेला. अशा दिवसात एक मुलगी आली. पाठीवर पिशवी, खांद्यावर तीन पायांची दुर्बीण, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. पाणथळ जागा, तिथले पक्षी आणि तिथली माणसं यांच्यावर तिचा अभ्यास चालला होता, डॉक्टरकीचा. औषधाची डॉक्टरकी नव्हे, पुस्तकाची. मी पहिल्यांदा 'मॅडम' म्हटलं. ती म्हणाली, "काका, मला मॅडम नका म्हणू. मी ठाण्याच्या खाडीवरच्या कोळ्याची पोर आहे."

तिथून पुढं ती आमच्या घरची झाली. आमच्या मंडळीनं तिला पहिल्या दिवशी शेपूची भाजी आणि बाजरीची भाकरी वाढली, तर तिनं भाजी नाकाशी नेऊन हळूच ठेवली. शेपूपुढं मुंबईकराचं काही चालत नाही.

तिचं काम मी रोज बघायचो. पहाटे पाण्याच्या काठाला जाऊन बसायची. पक्षी मोजायची रीत मला आवडली. हजाराच्या थव्यातला एकेक कोण मोजणार? ती आधी दहा मोजायची, दहाचा थवा केवढा दिसतो ते डोळ्यात धरायची, मग तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर ठेवत जायची. खळ्यावरची रास मापाशिवाय सांगणारी म्हातारी माणसं असायची, ती असंच करायची. दुसरं काम चिखलाचं. पीव्हीसी पाइपाचा वीतभर तुकडा गाळात दाबायची, उपसून बारीक चाळणीत धुवायची. चाळणीत राहायच्या तांबड्या अळ्या, बारके किडे, शंख. ते मोजून वहीत लिहायची. एक काळी-पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, थाळी दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. म्हणजे पाणी किती गढूळ ते कळतं. पोरं हसायची. म्हणायची, "मॅडम, मासा लागला का थाळीला?"

मी तिला म्हटलं, "पोरी, म्हशी डुंबायला बसतात तिथला चिखल घेऊन बघ." ती म्हणाली, "का?" म्हटलं, "शेकाट्या आणि तुतवार तिथंच जास्त टोचत बसतात, आमच्या लहानपणापासून बघतोय." तिनं वेगळी खूण करून तिथले नमुने घेतले. तिथं अळ्या जास्त निघाल्या. तेव्हापासून तिच्या वहीत एक रकानाच झाला, 'काकांनी सांगितलेलं'.

एका दुपारी बांधावर बसून तिनं मला समुद्राची ओहोटी समजावली. मी समुद्र आयुष्यात दोनदा बघितलेला, दोन्ही वेळा भरतीला. तिच्याकडं दिवसातनं दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. उतरलं की खाडीचा चिखल उघडा पडतो, तिवराच्या मुळ्या दिसतात, आणि त्या दोन-तीन तासात सगळ्यांची घाई. बाया चिंबोरी आणि कालवं धरायला, पोरं निवट्यांच्या मागं, आणि त्याच चिखलात रोहित पक्षी मान उलटी घालून. पुन्हा पाणी चढलं की सगळे मागं. तिचा बाप तिथी बघून सांगतो, आज उधाण आहे का भांग. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. मी म्हटलं, आमचाही बाप तिथी बघूनच पेरायचा.

मग माझ्या ध्यानात आलं आणि मी तिला बोलून दाखवलं: आमच्याकडंही ओहोटी आहे, पण वर्षाला एकच. भादव्यात भरती, आणि मग जेठापर्यंत आठ-नऊ महिने पाणी उतरतच राहतं. तिच्याकडं चंद्र पाणी ओढतो, आमच्याकडं पैठणचे २७ दरवाजे आणि कालव्याचे साहेब. पक्ष्याला काय, त्याला घोट्याएवढं पाणी आणि मऊ चिखल पाहिजे. खोल पाण्यात वारकरी आणि बदकं पोहतील, बाकीच्यांचं सगळं काठावर. ती किती वेळ काही बोलली नाही. मग वहीत लिहून घेतलं. (वारकरी म्हणजे काळं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं पाणपाखरू. पैठणच्या पाण्यात वारकरी नसायचे तर कुठं असायचे.)

रोहितांबद्दल तिनं पुष्कळ सांगितलं. आम्ही त्यांना गुलाबी बगळे म्हणायचो. आमच्याकडं येतो तो मोठा रोहित, चिखल ढवळून पाणी चोचीतनं गाळून खातो. गुलाबी रंग त्याचा स्वतःचा नाही, खाण्यातून येतो. आपल्या देशात त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात. तिच्या ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ साली रामसरच्या यादीत नाव गेलं. रामसर हे इराणातलं गाव, कास्पियन समुद्राकाठचं. तिथं १९७१ साली पाणथळ जागांचा जागतिक करार झाला, म्हणून ते नाव. आमच्या गोदावरीवरचंच, वर निफाडकडचं नांदूर मधमेश्वर २०२० साली त्या यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. २०२२ सालीच मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं, ही संस्था १८८३ सालची, खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर यंत्रं बसवली. त्यांना नावंही दिली. एकाचं नाव हुमायून. तो उडून गुजरातेत गेला तर इकडं मुंबईत बसून लोकांना कळलं. आमचा थोरला म्हणाला, "आपला बैल हरवला तेव्हा असं यंत्र पाहिजे होतं."

हे सगळं खेळीमेळीत चाललं होतं, तोवर कॅलेंडरं निघाली.

मला सवय आहे. कालनिर्णयाच्या चौकटीत मी रोज काहीतरी लिहितो. दुधाचा हिशेब, गाय कधी भरवली, कोणाचं देणं. आणि पाणी. जुन्या गावाच्या तीन खुणा अजून पाण्याखाली शाबूत आहेत. पाणी उतरायला लागलं की आधी वेशीचा दगड वर येतो, मग मारुतीच्या ओट्याची पायरी, आणि फारच दुष्काळ पडला तर पाटलाच्या वाड्याचा बुरूज. कोणती खूण कधी उघडी पडली ते मी १९८४ पासून लिहीत आलो. त्यात काही शास्त्र नव्हतं. वेशीचा दगड दिसला की आमच्या पट्ट्यातला गाळ पंधरा दिवसात पाभर धरतो, एवढाच मतलब. सोबतीला, गुलाबी बगळे आले, राजहंस आले, असंही कधीमधी. मधली तीन वर्षं उंदरांनी खाल्ली. बाकी सगळी कॅलेंडरं सुतळीनं बांधून माळ्यावर.

ती गठडी सोडल्यावर त्या पोरीचा चेहरा बघण्यासारखा झाला. म्हणाली, "काका, धरणाची रोजची पातळी सरकारकडे मिळते. पण कोणत्या पातळीला इथला काठ कुठं होता आणि पक्षी कधी आले, हे एकत्र कुणीच लिहिलेलं नाही." दोन दिवस ओट्यावर बसून ती एकेक पानाचा फोटो काढत होती. आजूबाजूला चार माणसं बसलेली, तंबाखू मळत. २०१८ चं कॅलेंडर आलं. तोही दुष्काळाचाच हिवाळा. डिसेंबरच्या पानावर तिचा हात थांबला. चौकटीत माझंच अक्षर होतं: 'करकोचे मेले. ९.'

"हे काय, काका?"

ओट्यावरची तंबाखू मळायची थांबली.

करकोच्यांबद्दल आधी सांगितलं पाहिजे. हे कांड्या करकोचे, राखी रंगाचे, छातीवर काळी पिसं लोंबलेली, मंगोलियाकडनं हिमालय ओलांडून येतात. दिसायला देखणे, आवाज तर असा की मैलभरावरून ऐकावा. पण शे-दोनशेचा थवा नुकत्या उगवलेल्या हरभऱ्यात उतरला की ओळीच्या ओळी उपटून दाणा खातो. दोन सकाळीत एकराचं रान साफ. गाळपेरवाल्याकडं दुसरं काही नसतं, त्या हंगामाचं बी उसनवारीचं असतं. राजस्थानात खीचन नावाच्या गावात लोक याच पक्ष्यांना पोत्यानं ज्वारी घालतात, हजारोंनी उतरतात तिथं. पुण्याचं काम आहे, मान्य. पण तिथं दाणा घालणारा वेगळा, आणि आमच्याकडं ज्याच्या तोंडचा जातो तो वेगळा.

२०१८ ला कोणीतरी दाण्याला थायमेट चोळून बांधावर टाकलं. (पुढं त्या औषधावर बंदी आली.) सकाळी नऊ करकोचे पडलेले. एक जिवंत होता, मान जमिनीला टेकवून पंख हलवत होता. त्याचा जोडीदार वर घिरट्या घालून ओरडत होता आणि ते ओरडणं संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. कोणी केलं ते गावाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं. त्याच्या पोरीचं लग्न होतं त्या वर्षी.

आता ती मुलगी विचारत होती आणि माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती. मी सांगितलं. कोण ते सोडून सगळं सांगितलं: काय टाकलं, का टाकलं, किती मेले. ज्यानं केलं तो त्या ओट्यावर नव्हता, पण त्याचा भाऊ होता. तो उठून गेला. जाताना म्हणाला, "बाबा, तुमी गावाचा गाळपेर घालवनार."

त्याचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. अभयारण्यात विष घालणं म्हणजे वन्यजीव कायदा १९७२ खाली केस. आणि केसपेक्षा मोठी भीती अशी की, मुंबईच्या अभ्यासात छापून आलं की शेतकरी पक्षी मारतात, तर उद्या एक हुकूम निघेल आणि एकसाली पट्टे बंद. एकदा उठलेल्या गावाला दुसऱ्यांदा उठायची भीती कशी असते, ते न उठलेल्याला सांगून कळत नाही. त्या रात्री मारुतीच्या पारावर बैठक बसली. मला बोलावलं, तिलाही. शिव्या कोणी दिल्या नाहीत, पण 'तुम्ही लिहिणारी माणसं' असं दोन-तीनदा ऐकायला मिळालं.

ती पोर घाबरली होती, पण बोलली. म्हणाली, "माझ्या बापाच्या खाडीतही अभ्यास झाले. आधी किती पूल, किती कारखाने, मग किती पक्षी. कोळी किती आणि त्यांची जाळी किती रिकामी, हे शेवटी शेवटी कुणीतरी विचारलं. मी करकोचे मेले एवढंच लिहिलं तर ते खोटं ठरेल. हरभरा किती गेला तेही लिहायला पाहिजे. पण ते कुणी मोजलंय का?"

कोणी मोजलं नव्हतं. आमच्याकडं नुकसान बोलायचं असतं, मोजायचं नसतं.

मग ठरलं की यंदा मोजायचं. मी, माझा धाकटा आणि बैठकीतले आणखी तिघं. सगळ्यांच्या हरभऱ्यात तिनं काठ्या रोवून चौकोन आखले. उपटलेली रोपं मोजायची, पक्षी कधी उतरले, कधी उठले ते घड्याळ बघून लिहायचं. तीन आठवड्यात जे कळलं ते आम्हाला आधी कळायला हवं होतं, असं म्हणणार नाही. आम्ही अर्धं ओळखून होतो, पण नक्की नव्हतं. करकोचे दिवसभर रानात नसतात. सकाळी ऊन वर येईपर्यंत चरतात, दुपारी उथळ पाण्यात जाऊन उभे राहतात, आणि मग ऊन कलताना पुन्हा येतात. नुकसान सगळं उगवणीच्या पहिल्या पंधरा-वीस दिवसातलं. रोप मुळावलं, दाणा जिरला की ते त्याच्याकडं बघतही नाहीत. म्हणजे राखण करायची ती वीस दिवस, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. पोराबाळांनी डबा बडवत करण्यासारखं काम.

दुसरी गोष्ट आमच्या एका म्हातारीनं सुचवली. करडईचे पाटे. पूर्वी ढोरं शिरू नयेत म्हणून रानाच्या कडेनं करडई पेरायचे, तिला काटे येतात. म्हातारीचं म्हणणं, करकोचा उघड्यावर उतरतो, त्याला चहूकडं नजर लागते. आडोसा केला तर तो पलीकडं जाईल. पुढच्या खेपेला करून बघायचं ठरलं, कारण यंदा करडई उंच व्हायच्या आत हरभरा निसटलेला असणार. आणि पाण्यालगतचा पट्टा, दोनशे पावलांचा, माघ संपेपर्यंत नांगरायचा नाही, यावर मात्र मोठी वादावादी झाली. ज्यांचा पट्टा पाण्याला लागून त्यांनी का सोसावं? शेवटी दोघांनी मान्य केलं, तिसऱ्यानं नाही. तिसऱ्यानं पेरलं, आणि त्याला पीक चांगलं आलं. खरं ते लिहावं.

त्या दोनशे पावलांत काय झालं म्हणाल तर तिथं राजहंस बसले. पट्टेरी राजहंस, डोक्यावर दोन काळे पट्टे. हे पक्षी सात हजार मीटर उंचीवरून हिमालय पार करतात आणि आमच्या गाळात येऊन गवताचे कोंब खातात. आमच्या मंडळीनं त्यांना बघून विचारलं, "एवढ्या वरनं येतात तर थंडी वाजत नसंल का?" कोळ्याच्या पोरीनं पंधरा मिनिटं रक्त, फुप्फुसं, ऑक्सिजन असं समजावलं. मंडळी म्हणाली, "बरं. म्हंजी वाजत नाही."

माझा एक भोई दोस्त आहे, शाळेपासूनचा. थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं टाकतो. त्यानंही तिला मुलाखत दिली. तो म्हणाला, पूर्वी मरळ आणि वाम भरपूर निघायचे, आता जाळ्यात चिलापीच. काठानं उसाला शेकडो मोटारी लागल्या आहेत, त्या पाणी ओढतात, आणि उसाचं खत पावसाळ्यात परत पाण्यात येतं. हे बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता, कारण माझीही एक मोटार आहे. ती पुढची चिंता त्याला वेगळीच. नाथसागराच्या पाण्यावर बाराशे मेगावॅटची तरंगती सोलर पॅनलं बसवायची योजना आहे. पैठणच्या कहार समाजाच्या पंच समितीनं हरित लवादात दाद मागितली, तिथं यश आलं नाही, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हस्तक्षेप करायला नकार दिला. वीज लागतेच, रात्री मोटार चालू करायला मीच उठतो. पण दोस्ताचा प्रश्न साधा होता: "पॅनलाखाली जाळं कसं टाकायचं?" त्या प्रश्नावर ती वही उघडून बसली होती, पण लिहिलं काही नाही.

फेब्रुवारीत ती गेली. जाताना कॅलेंडरांचे फोटो, चिखलाच्या बाटल्या आणि मंडळीनं दिलेली शेंगदाण्याची चटणी. उठून गेलेला तो भाऊ एसटीपर्यंत तिच्या बाटल्यांची पेटी डोक्यावर घेऊन गेला. बोलला काही नाही. वर्षभरानं तिचं लिखाण आलं. इंग्रजीत आहे, थोरल्याच्या पोरीनं वाचून सांगितलं. मेलेले नऊ करकोचे त्यात आहेत, आणि आमचा गेलेला हरभराही आहे, चौकोनागणिक. वेशीचा दगड, पायरी आणि बुरूज यांची पातळी तिनं फुटांत काढली आहे. तिनं असं मांडलं आहे की कालव्याचं पाणी सोडताना पातळी हळूहळू, ठरावीक वेगानं उतरली तर थंडीभर कुठं ना कुठं घोट्याएवढं पाणी राहतं. एकदम उतरली की गाळ वाळून कडक होतो आणि पक्षी जातो. दरवाजे उघडणाऱ्या साहेबांनी ते वाचलं का, काय सांगावं. पण आम्हालाही तेच हवं असतं. पाणी एकदम गेलं तर गाळाची ओल हरभऱ्याला पुरत नाही.

२०२४ ला धरण भरलं, दरवाजे उघडले. २०२५ ला तर जुलै सरता सरताच भरलं. पाणी उसात शिरलं, गाळपेरीचं नाव नाही, करकोचे दिसले ते लांब, दुसऱ्याच्या रानात. करडईचं बी डब्यात तसंच आहे. ती अधूनमधून फोन करते. पोर झालं आहे तिला, ते मागं रडत असतं. परवा तिचा फोन आला तेव्हा मी काठालाच होतो. पहिला प्रश्न, "काका, वेशीचा दगड दिसला का?"

मी डोळ्यावर हात धरून बघितलं. पाणी हलत होतं, त्यावर वारकऱ्यांची एक रांग चालली होती. म्हटलं, "नाही गं. अजून दीड-दोन हात पाणी आहे वर."